रहांगडाले सरांचा उंदीर

तुमसरमध्ये उंदीर कोणालाही सापडतो. गावात धानाच्या गिरण्या एवढ्या, की इथला उंदीर मांजरीला पाहून रस्ता सोडत नाही. मांजरच अंग चोरून भिंतीकडेला होते. पण रहांगडाले सरांना जो सापडला तो असातसा नव्हता. तो बेटावरचा होता, त्याच्या कपाळावर बोटभर लाल पट्टा होता, आणि जगातल्या कोणत्याही पुस्तकात त्याची नोंद नव्हती. पुस्तकं म्हणजे कॉलेजच्या कपाटातली. ती तीन होती, आणि त्यातल्या एकाला वाळवी लागलेली.

डॉ. ईश्वरदास रहांगडाले हे तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. विभागात माणसं दोनच. एक प्रमुख, आणि दुसरा ज्याचे ते प्रमुख होते तो घनश्याम. घनश्यामची नोकरी दर साली एप्रिलमध्ये संपायची आणि सरांच्या मनात आलं तर जुलैत पुन्हा उगवायची. अशा उगवत्या-मावळत्या नोकरीवर त्याने लग्न केलं, तुमसरला दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं, आणि आता घरात दहा महिन्यांची रंजू होती. रंजू नुकती रांगायला लागली होती. जमिनीवर दिसेल ते तिला आपलं वाटे, आणि आपलं वाटलं की ते तोंडात जाई.

बायको सत्यभामा. घरात सगळे भामा म्हणत. माहेर नाकाडोंगरीचं, नागपूरला हॉस्टेलात राहून बी.एस्सी. झालेली, तीही प्राणिशास्त्र घेऊन. सोयरीक जुळवताना कोणीतरी म्हणालं होतं, "पोरगी नवऱ्याच्याच विषयातली आहे, कामात मदत करन." सोयरीक जुळवणाऱ्यांची बाकी सगळी बोलणी हवेत विरली. एवढं एक तेवढं अक्षरशः खरं झालं.

सिहोऱ्याच्या पुढे खैरटोला म्हणून घनश्यामचं गाव आहे. गावाला तलाव, तलावाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा, त्यावर चार पळस आणि एक मोह. पूर्वजांनी तलाव खोदला तेव्हा माती वाहून न्यायचा कंटाळा केला, ती तिथेच राहिली, एवढाच त्या बेटाचा इतिहास. सप्टेंबरात सरांनी पोरांची अभ्याससहल तिथे नेली, कारण घनश्यामच्या घरी जेवायची सोय होती. जेवण झालं, डोंग्यात बसून सर बेटावर उतरले, आणि उतरल्या उतरल्या पळसाच्या बुडाशी त्यांना लाल कपाळाचा उंदीर दिसला. मग दुसरा दिसला. तिसरा दिसल्यावर सरांनी टोपी काढून हातात घेतली.

ज्यांच्या घरी वरण-भात जेवले, ज्यांच्या डोंग्यात बसले, त्यातल्या कोणालाही सरांनी "हे काय आहे बुवा?" असं विचारलं नाही. शास्त्रज्ञ विचारत नसतो. शास्त्रज्ञ निरीक्षण करतो.

नवी जात म्हटली की नाव आलं. आता शास्त्राचा असा संकेत आहे, की शोधणाऱ्याने जातीला स्वतःचंच नाव द्यायचं नसतं. सरांना हा संकेत मान्य होता. म्हणून त्यांनी घनश्यामला सुचवलं, की नाव तुम्ही सुचवा. घनश्यामने तीनचार नावं सुचवली. खैरटोल्यावरून एक, पळसावरून एक, लाल रंगावरून एक. प्रत्येक नावाला सर "हं" म्हणाले. शेवटी घनश्यामच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो म्हणाला, "सर, आपल्या नावावरून ठेवलं तर?"

"अहो, नको हो," सर म्हणाले, "पण तुमचा आग्रहच असेल तर..."

आणि रॅटस रहांगडालेई या उंदराचं बारसं झालं.

नमुने कॉलेजात ठेवायचे होते. पण लॅबचं छत गळत होतं, आणि पहिले दोन नमुने कॉलेजच्या मांजरीने वर्गीकरणाची वाट न पाहता खाल्ले. तेव्हा सरांना आठवलं. "घनश्यामराव, तुमच्या मिसेस बी.एस्सी. ना? झूलॉजीवाल्या? मग झालं तर! तुमचं घर म्हणजे प्रयोगशाळाच की."

असे भामाच्या घरी दोन पिंजरे आले, पिंजऱ्यांत सहा उंदीर. तिच्या डिग्रीचा लग्नानंतरचा पहिला उपयोग.

"किती दिवस राहतीन हे?" तिने विचारलं.

"शहरातून तज्ज्ञ येईपर्यंत. त्यानं पाहून हो म्हटलं का झालं. परमनंटचं सरांनी कबूल केलं आहे, भामा. तोंडानं कबूल केलं आहे."

"लेकरू रांगून राहिलं घरात."

"पिंजऱ्यात आहेत ना व ते. पिंजऱ्यातून कायले बाहेर येतीन?"

भामाला पिंजऱ्यातून न दिसता बाहेर येणाऱ्या गोष्टींचीच भीती जास्त वाटे. बी.एस्सी.ला तिने परजीवींचा पेपर दिला होता आणि त्यात तिला चांगले मार्क होते. हे चांगले मार्क आता तिच्या मानगुटीवर बसले. उंदराच्या अंगावर पिसू असते हे इतर बायकांना माहीत असतं, भामाला त्या पिसवेचे पाय किती सांध्यांचे असतात तेही माहीत होतं. प्लेग, चाव्याचा ताप, मुताने होणारी कावीळ, हे सगळे रोग तिला आकृतीसकट पाठ होते. तिने पिंजरे मधल्या खोलीतल्या उंच स्टुलांवर ठेवले. स्टुलांभोवती खाटेचा आडोसा केला. दिवसातून चारदा फरशी फिनेलने पुसली. तरी कांडणाच्या, भाकरीच्या, न्हाणीच्या प्रत्येक कामात तिचा एक डोळा त्या खोलीच्या उंबऱ्यावर असे. रंजू दिसेनाशी झाली, की भामा हातातलं तसंच टाकून धावे. दूध उतू जाई, भात लागे.

"काव भामा," घरमालकीण चंद्रभागाबाई अंगणातून ओरडे, "आमच्या घरचे उंदीर पळवाले आमी मांजर पाळलं, तू उंदीर पाळून राहिली. कॉलेजात असंच शिकवतात का व?"

"संशोधन आहे, बाई."

"हो ना. आमच्या पोत्यातले फुकट घेऊन जा म्हणा सरले. कपाळ लाल पायजे तं मी कुंकू देतो."

भामा हसली. चंद्रभागाबाई किती जवळ पोचली होती हे तेव्हा तिलाही कळलं नाही.

सर रविवारी येत. खुर्ची पिंजऱ्यापुढे ओढून बसत, पट्टीने शेपटी मोजत, घनश्याम लिहून घेई. भामाने चहा आणून ठेवला की सर तिला दोन शब्द शिकवत. सगळ्यांनाच शिकवत.

"बेटाचं माहात्म्य असं आहे बाई, की तिथला प्राणी जगापासून तुटतो. ना कोणी येत, ना जात. हजारो वर्षं आपल्यातल्या आपल्यात राहून राहून त्याची जातच वेगळी होते."

"पण सर, उन्हाळ्यात तलाव आटतो ना. बेटावर म्हशी चालत जातात."

सरांनी पट्टी खाली ठेवली. घनश्यामने वहीत डोकं घातलं.

"म्हशी जातात," सर सावकाश म्हणाले. "उंदीर जातो हे तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"बस्स. शास्त्रात पाहिलं पाहिजे. आपण त्याला पावसाळी बेट म्हणू. घ्या हो लिहून, पावसाळी बेट."

चहात साखर कमी होती असं सर जाता जाता म्हणाले.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळची गोष्ट. घनश्याम कॉलेजात गेलेला. भामा न्हाणीत कपडे धूत होती. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला आतून लाल डाग होता. मागच्या आठवड्यातही होता. चंद्रभागाबाईने तो दोरीवर पाहून डोळे मिचकावले होते, "नवऱ्याच्या खिशात लाल दिसलं तं विचारावं बाई." भामाने लाल शाईचा पेन असेल असं मनाला समजावून डाग घासला, आणि घासता घासता तिला जाणवलं, की आतून आवाज येत नाही. रंजूचा आवाज. ज्या घरात रांगतं लेकरू गप्प आहे, त्या घरात काहीतरी झालेलंच असतं.

ती धावली. खाटेचा आडोसा सरकला होता. रंजू स्टुलाला टेकून उभी, आयुष्यात पहिल्यांदा उभी, आणि पिंजऱ्याच्या तारांमध्ये बोटं घालून आतल्या उंदराचं डोकं चोळत होती. उंदीर डोळे मिटून चोळून घेत होता. रंजूच्या दुसऱ्या हाताची बोटं तोंडात. ओठ लाल, हनुवटी लाल, बोटं लाल.

भामाच्या तोंडून आवाज निघाला तो चौथ्या घरी गेला. तिने पोरगी उचलली, मोरीवर नेली, हातावर पाणी ओतलं. जखम शोधली. बोट बोट पाहिलं. दात कुठे लागले ते पाहिलं. जखम नव्हती. आणि रक्त पाण्याने जात नव्हतं. रक्त पाण्याने जातं. हे बोटांवर पसरत होतं, चिकट, तेलकट. तिने नाकाशी नेलं. जवसाचं तेल. तेल आणि...

शेंदूर.

क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिथेच गोठला. शेंदूर म्हणजे शिसं. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात होतं ते. आणि पुस्तकात नसलं तरी खेड्यातल्या कोणत्याही बाईला माहीत असतं, की शेंदूर पोटात गेला की आवाज जातो. गवयाला दुष्टाव्याने शेंदूर चारल्याच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकल्या होत्या. तिने तेलाच्या चिंधीने पोरीचं तोंड पुसलं, जिभेवरून बोट फिरवलं, आणि मग बी.एस्सी., द्वितीय श्रेणी, असलेली ती बाई लेकराला चिमटा काढून म्हणाली, "रड व माय. रड ना."

रंजू रडली. खणखणीत रडली. भामाही रडली, आणि तशीच पोरीला घेऊन डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टरांनी पोट दाबलं, डोळे पाहिले, म्हणाले, थोडंच गेलंय, दूध पाजा, लक्ष ठेवा, आणि त्या वस्तूपासून लेकराला दूर ठेवा. शेंदूर लेकराच्या हाती लागला कुठून, हे त्यांनी विचारलं. भामाने सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतं.

घनश्याम घरी आला तेव्हा ती दारातच बसली होती, मांडीवर पोर, हातात लाल झालेली चिंधी.

"हे उंदराच्या कपाळाचं आहे," ती म्हणाली. "पुसलं तं निघालं. खाली साधा भुरा उंदीर आहे. तुमाले माहीत होतं का?"

घनश्यामने चपला काढल्या. एक सरळ ठेवली, दुसरीही सरळ ठेवली. एरवी तो कधी ठेवत नसे.

"होतं," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"लहानपणापासून."

मग त्याने सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा काढतात, ईडापीडा घेऊन जा म्हणतात, तसं त्यांच्या गावात उंदीरही काढतात. धान पोटरीवर येण्याआधी ज्याने त्याने आपल्या धानाच्या बांधीतला एक उंदीर धरायचा, त्याच्या कपाळाला शेंदूर-तेल लावायचं, हात जोडायचे आणि डोंग्यातून बेटावर नेऊन सोडायचा. तुझं गोत घेऊन इथंच राहाय, आमच्या धानाले तोंड लावू नोको, असं म्हणायचं आणि मागे न पाहता परत यायचं. भामाचं लग्न झाल्यावर पहिला पोळा तिचा माहेरी गेला, दुसरा तुमसरात. तिला कोण सांगणार?

"आन् ते उंदीर राहतात तिथं?"

"कायचे राहतात. अर्धे संध्याकाळच्या आत पोहून वापस येतात. पण सोडल्याचं समाधान राहते."

"तुमी बी सोडले?"

"दर साली. सर ज्याले पाहून ओरडले, तो आमच्याच बांधीतला असन. भाऊनं सोडला होता."

भामाला हसू आलं असतं. पण मांडीवरच्या पोरीच्या नखांत अजून लाल होतं.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगतच होतो ना. तोंड उघडलंच होतं. तं सर म्हणे, घनश्यामराव, या उंदरानं तुमचं कल्याण केलं, परमनंट झालेच समजा. मंग तोंड उघडं होतं तं मी म्हटलं, अभिनंदन सर."

"पोळा होऊन किती दिवस झाले," भामा हळू म्हणाली. ती आता चिंधीकडे पाहत होती. "सुकून झडला असता हा. उंदीर दिवसभर तोंड धूत बसतो. हा ओला काहून आहे?"

घनश्यामने हात पाठीमागे नेले. भामाच्या डोळ्यांपुढे शर्टाचा खिसा आला.

"तुमी लावता."

"रविवारी फक्त. सर यायच्या आधी. फिक्का पडला का सर घाबरतात."

"लेकराच्या घरात शिसं आणून उंदराले टिळे लावून राहिले तुमी? मले वाटलं होतं बाई असन. बाई असती तं बरं झालं असतं जी! बाई पिंजऱ्यात तं नसती राहिली!"

"हळू बोल. चंद्रभागाबाई ऐकन."

"ऐकू दे. उद्या पिंजरे घेऊन जा. सरले सांगा."

"सांगू तं काय सांगू? का सर, तुमच्या नावाचा उंदीर आमच्या भावानं रंगवला? एप्रिलमधी घरी बसीन मी. मंग पोरीले दूध कुठचं आणशीन?" त्याचा आवाज चिरकला. "तज्ज्ञ येऊन जाऊ दे. मंग सोडून देतो. रंजूची शप्पथ, आता नाही लावत."

भामाने त्याला पोरीची शपथ घेऊ दिली नाही. पण पोरीला त्या दिवसापासून खालीही ठेवलं नाही. कडेवर रंजू, एका हाताने भाकरी. कडेवर रंजू, एका हाताने धुणं. चालायला शिकू पाहणारं लेकरू कमरेवर वळवळे, जमिनीकडे झेपावे, रडे. भामाची कंबर रात्रंदिवस ठणकत होती, आणि पिंजऱ्यात एक मादी व्याली.

सात पिल्लं. सरांना आनंद मावेना. पिल्लांना केस फुटले तेव्हा मात्र सातही कपाळं भुरी निघाली. सरांनी सातही पिल्लं उजेडात धरून पाहिली.

"रंग वयात आल्यावर येतो," ते शेवटी म्हणाले. "आपल्याला मिशी येते तसा."

"माद्यांना पण, सर?" भामाने विचारलं.

"विषय गहन आहे, बाई."

पुढच्या रविवारी सात पिल्लांपैकी दोन वयात आलेली होती. भामाने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. त्या क्षणी भामाला एक गोष्ट समजली: हे पिंजरे नवरा नेणार नाही, तज्ज्ञ आले तरी नाही आणि गेले तरी नाही. पिल्लांना पिल्लं होतील आणि तो प्रत्येकाच्या कपाळाला बोट लावत बसेल. न्यायचे असतील तर तिलाच न्यावे लागतील.

डिसेंबरात तज्ज्ञ आले. मफलर गुंडाळलेले, सर्दी झालेले. त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास माशाच्या खवल्यांचा होता. पण उंदीर पाहायला बोलावलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही, कारण सरांनी चिन्नोर तांदळाचा उल्लेख केला होता. भाड्याची जीप दारात उभी राहिली. अंगणात चंद्रभागाबाई तांदूळ निवडायला बसली, एकच मूठ पुन्हा पुन्हा निवडत.

सरांनी उंदीर मानेला धरून उघड्या हाताने बाहेर काढला. रुबाबात काढला. "पाहा. ललाटपट्टिका. आशिया खंडात कुठे नाही."

तज्ज्ञांनी चष्मा वर केला, खाली केला, "वा" म्हणाले आणि शिंकले.

चहाचे कप ठेवून भामा उभीच राहिली. कडेवर रंजू. पदराखालून तिने तेलात भिजवलेली चिंधी काढली.

"सर, तसाच धरता का जरा?"

आणि सर "अं?" म्हणेपर्यंत तिने उंदराच्या कपाळावरून चिंधी फिरवली. एकदा, दोनदा. आशिया खंडात कुठे नसलेली पट्टिका चिंधीवर आली. उंदीर भुरा झाला, आणि अगदी तुमसरचा दिसायला लागला.

"शेंदूर आहे, सर," भामा म्हणाली. "कोणीतरी लावलेला."

कोणीतरी भिंतीला टेकला होता. त्याचा रंग आता उंदराच्या जुन्या कपाळाच्या अगदी उलट होता.

 अंगणात तांदूळ निवडणं थांबलं. भामाला वाटलं, झालं. आता ओरडतील, नोकरी जाईल, पिंजरे जातील. जाऊ दे.

तज्ज्ञांनी चिंधी घेतली, चोंदलेल्या नाकाशी नेली. "तेलकट आहे," ते म्हणाले.

"तेलकट!" सर एकदम उठले. "तेलकट म्हटलंत ना? म्हणजे केसांचा रंग नाही हा. स्राव आहे! कपाळात ग्रंथी आहे, सर! लाल स्राव देणारी!"

"कुरतडणाऱ्या प्राण्यांत ऐकलं नाही मी," तज्ज्ञ म्हणाले.

"म्हणूनच!"

"मग ही नवी जात नाही," तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं, वरठी स्टेशनावरून त्यांची गाडी होती, "हे नवं कुळच म्हणावं लागेल."

"मी स्वतः शेंदूर म्हणून सांगून राहिली..." भामा म्हणाली.

"रंग शेंदरासारखा आहे, बरोबर. बायकांची रंगाची नजर चांगली असते. घनश्यामराव, तुम्ही रोज पाहता. स्राव पाहिलाय ना?"

घनश्यामने बायकोकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. 

"हो, सर," तो म्हणाला. "रविवारी जास्त येतो."

बाहेर चंद्रभागाबाईला ठसका लागला.

भामाने एक क्षण डोळे मिटले. खरं सांगून झालं होतं, पुसून दाखवून झालं होतं. खरं या खोलीत चालत नव्हतं. जे चालत होतं तेच घेतलं पाहिजे. डोळे उघडले तेव्हा तिचा आवाज अगदी नम्र होता, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.

"सर, मग तो स्राव विषारी असेल. रंजूच्या तोंडात गेला होता मागे. डॉक्टरांकडे न्यावं लागलं. ते म्हणाले, हात लागला तरी धोका आहे."

हात लागण्याचं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. पण शास्त्रात थोडं गृहीत धरावं लागतं.

सरांनी हातातल्या उंदराकडे पाहिलं. मग हाताकडे. उंदीर पिंजऱ्यात इतक्या घाईने गेला, की त्याची शेपूट दारात अडकली. सर पँटला हात पुसत न्हाणीकडे निघाले. "साबण कुठे आहे? लाइफबॉय नाही का? अहो, आधी नाही का सांगायचं!"

तज्ज्ञ चिंधी दोन बोटांनी धरून खिडकीतून टाकत होते.

"नमुने सांभाळायला हवेत ना, सर," भामा न्हाणीच्या दारातून म्हणाली. "नवं कुळ आहे. तुमच्या बंगल्यावर जागा आहे मोठी. आताच जीप आहे, ठेवू का चढवून?"

"छे छे छे!" कोपरापर्यंत फेस झालेले सर वळले. "माझ्याकडे कसं शक्य आहे? मुलगी आलीय बाळंतपणाला, मोठा नातू आहे सोबत. सव्वा वर्षाचा. दिसेल ते तोंडात घालतो."

 भामाने फक्त रंजूला दुसऱ्या कडेवर घेतलं. रंजूने सरांकडे पाहून हात पुढे केला आणि सर भिंतीला चिकटले.

नळाचं पाणी वाहत राहिलं.

"कॉलेजात नेऊ," सर म्हणाले, तिच्याकडे न पाहता. "खेळाच्या खोलीत. मांजरीचं बघू काहीतरी."

पिंजरे जीपच्या मागच्या भागात चढले. तज्ज्ञ पुढे बसले, मफलर नाकावर, मांडीवर चिन्नोरची थैली. सर त्यांच्या शेजारी, हात हवेत धरून. घनश्याम मागे, पिंजऱ्यांजवळ. जीप गेली तशी चंद्रभागाबाई पदर झटकत उठली.

"काव, गेले का तुझे पाहुणे?"

"गेले."

"आन् ते रविवारचं काय होतं व?"

"संशोधन, बाई," भामा म्हणाली. तिने बादली भरली, सोडा घेतला, आणि मधली खोली घासायला घेतली. स्टुलं अंगणात काढली. खिडकीखालची चिंधी चिमट्याने उचलून चुलीत न घालता खड्ड्यात पुरली, कारण जळलेलं शिसं आणखी वाईट. फरशी सुकल्यावर तिने रंजूला खाली ठेवलं आणि पाठ भिंतीला टेकली. रंजू भिंतीला धरून उभी राहिली, दोन पावलं गेली, धपकन बसली, आणि टाळ्या वाजवल्या.

दिवेलागणीला घनश्याम आला तो शीळ घालत आला.

"झालं व भामा! जानेवारीच्या मीटिंगमधी नाव टाकतो म्हणे सर. परमनंट! तू तं मले बुडवतच होती. पण पाहाय, चांगलंच झालं." त्याने खाली वाकून दोन्ही हात पसरले. "ये माय, ये."

रंजू त्याच्याकडे वळली. भामाने तिला मागून उचललं.

"बोटं दाखवा."

घनश्यामने मुठी मिटल्या.

"आता कायले लावलं? आता तं उंदीर घरी नाही."

"सर म्हणे फोटो काढाचा आहे. जीपमधी घासून घासून पुसला गेला होता सगळ्यायचा. आन् एक तं तूच कोरा केला." तो ओशाळं हसला. "सरले नाही माहीत. ते बाहेर उभे होते, नाकाले रुमाल लावून."

भामाने न्हाणीकडे बोट केलं.

"धुतले ना कॉलेजात. नाही निघत."

"तेल लावा. मंग राखेनं घासा. मंग साबण."

तो न्हाणीत उकिडवा बसला. तेल लावलं, राख घेतली, घासलं. रंजू आईच्या कडेवरून त्याच्याकडे झेपावत रडत होती. बापाचं काळीज हललं. त्याने ओले तळवे वर करून दाखवले. "झालं. दे इकडं."

भामाने कंदील जवळ नेला, वाकून पाहिलं.

"नखात आहे."

त्याने काडी घेऊन नखं कोरली. पुन्हा हात वर केले. ती पुन्हा वाकली.

"अजून आहे," ती म्हणाली, आणि कंदील तिथेच धरून उभी राहिली.